लसीच्या रांगेत आईचीही विचारपूस हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळ दीड महिन्याचं झालं की पेंटाव्हॅलंटच्या पहिल्या डोससाठी आई लसीकरणाला येतेच, सातपूर-अंबडच्या भाड्याच्या खोलीतून येते तशी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरूनही. बाळाचं वजन होतं, लस टोचली जाते. आईला फार तर ‘दूध पुरतं ना?’ एवढंच विचारतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला याहून सोयीचा दिवस नाही, आणि तो वाया जातो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं निम्म्याहून अधिक बाळंतिणींत दिसतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी हटली नाही, बाळ शांत झोपलेलं असूनही आईला झोप लागेना, ‘मला बाळ सांभाळता येत नाही’ हे मनातून जाईना, तर तो आजार आहे. भारतातल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात या आजाराचं प्रमाण बाळंतिणींमध्ये २२ टक्के निघालं. घरी मात्र याला ‘दृष्ट लागली’ म्हणतात आणि अंगारा लावतात.

धोका कोणाला जास्त? पूर्वी किंवा गरोदरपणात नैराश्य आलेल्या, मारहाण सोसणाऱ्या, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलेल्या बायांना. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलगी झाली की टोमण्यांचा घाव थेट बाळंतिणीवर बसतो. द्राक्षांच्या हंगामात घरची माणसं बागेत गेली की ती दिवसभर एकटी असते, हेही लक्षात घ्यायला हवं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र तपासायलाच हवेत. त्यांच्यातल्या बिघाडानेही असाच थकवा आणि उदासी येते.

हा आजार हेरण्यासाठी आईला विचारायच्या एडिंबरो प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत, सगळे मागच्या सात दिवसांबद्दल. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. थकव्याबद्दल त्यात विचारतच नाहीत, कारण थकलेली तर प्रत्येक बाळंतीण असते. १३ किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवावं. निदान तेच करतील. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी हालचाल हवी. चुकतं ते विचारण्याच्या पद्धतीत. सासू शेजारी बसलेली असताना ‘बरी आहेस ना?’ म्हटलं की उत्तर ‘हो’च येणार. बाळाला घेऊन आजीला वजनकाट्याकडे पाठवावं आणि तेवढ्या वेळात आईशी एकटीशी बोलावं.

सौम्य आजारात समुपदेशन आणि सलग चार-पाच तासांची झोप यांनी बराच फरक पडतो. त्यासाठी रात्री बाळाला पाजून झालं की नवऱ्याने किंवा आजीने घ्यावं. औषध लागलंच तर सर्ट्रालिनसारखी गोळी अंगावर पाजतानाही देता येते. ती मनाने बंद करू नये. बाई रात्र-रात्र जागीच राहू लागली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल भलते संशय घेऊ लागली, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं. मानसिक आधारासाठी सरकारचा १४४१६ हा क्रमांक आहे.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागांनी ही प्रश्नावली लसीकरणाच्या दिवशीच भरून घेण्याचा आदेश काढावा. बाळाच्या कार्डावर गुण लिहू नयेत, ते घरातले सगळे वाचतात. फक्त पुढच्या तपासणीची तारीख लिहावी. सव्वा महिन्यानंतर बाळंतीण माहेराहून सासरी जाते आणि तिची नोंद माहेरच्या आशाताईंच्या वहीतच राहते. ती सासरच्या आशाताईंना फोनवर कळवण्याची सक्तीही याच आदेशात असावी.

– माता-बाल आरोग्यसेवेतील परिचारिका व समुपदेशक, नाशिक