मांजर ‘आपलं आपण बघतं’ म्हणे!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पाळीव प्राण्यांवरचा लेख वाचला, दिवसभर गप्प बसायचा प्रयत्न केला, नाही जमलं, म्हणून आज लिहायला बसले. लेख छान आहे. फोटो तर फारच छान, त्या पर्शियन मांजराच्या गळ्यातला बो बघून आमच्या नातीने पान कापून कपाटावर चिकटवलंय. पण "मांजर म्हणजे सगळ्यात कमी कटकटीचा प्राणी, वाटीभर खाणं ठेवा, बाकी ते आपलं आपण बघतं" हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरी बोका कधी होता का, एवढंच मला विचारायचंय. कॅलेंडरवरचा सोडून.

आमचा बंड्या. साडेपाच किलोचा, पिवळा, नसबंदी झालेला, उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा, म्हणजे तुमच्या लेखातला अगदी आदर्श. खाणंही लेखातल्यासारखंच, कोरडे दाणे वाटीत भरून ठेवायचे आणि ह्याने येताजाता कुडुम कुडुम करायचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका शनिवारी हा त्याच्या शी-शूच्या रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, उठला, रेती उकरली, परत बसला, परत उठला, असं सहा-सात वेळा. आमचे हे म्हणाले पोट साफ होत नसेल, शेजारच्या काकूंनी एरंडेल सुचवलं, आणि मी शहाणी चमचा घेऊन घरभर त्याच्या मागे. एरवी सकाळी ट्रे साफ करताना रेतीचे लाडवाएवढे दोन-तीन ओले गोळे निघतात, त्या दिवशी एकच निघाला होता, सुपारीएवढा. मी तो हाताने उचलून टाकला हो. दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. लघवी होत नाहीये हे एवढं साधं, तीन मुलं वाढवलेल्या बाईच्या लक्षात येऊ नये!

रविवारी सकाळी वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. उलटी केलेली, पोटाला हात लावला तर आत मोसंबीसारखं टणक, आणि जो ओरडला ना, तो आवाज मी विसरले नाहीये. मग फोनाफोनी. एक दवाखाना बंद, दुसरीकडे फोन उचलला पण न बघताच "उन्हाने होतं असं, उद्या घेऊन या" म्हणून मोकळे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सांगितलं की अंग तापलंय, तर तो म्हणाला अर्धी पॅरासिटामॉल द्या पाण्यातून. मुलगा नेमका फोनवर होता, तो असा काही ओरडला की दुकानदाराला पण ऐकू गेलं. मांजराला ती गोळी पचवताच येत नाही, रक्त बिघडतं आणि अर्ध्या गोळीनेसुद्धा जीव जाऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि मांजराचं अंग मुळातच एकशे एक-दोनपर्यंत गरम असतं, आपल्या हाताला ताप वाटणारच. हे तुमच्या लेखात का नाही? बो कुठल्या रंगाचा बांधावा ते मात्र आहे.

कोणी म्हणालं मुंबईत परळला बैलघोड्याच्या, म्हणजे जनावरांच्या, हॉस्पिटलात न्या. रविवार, लोकल गाड्यांचा मेगाब्लॉक, डोंबिवली. पुढचं सांगायला नको. शेवटी कल्याणला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली, सुट्टी असून दवाखाना उघडला तिने. पोट दाबून म्हणाली, काकू उद्यापर्यंत थांबला असतात तर आणायची वेळच आली नसती. लघवी तुंबली की विष आत साठतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसात हृदयच बंद पडतं. भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घातला, पिशवीत आलं ते कोकम सरबतासारखं लाल. तीन दिवस सलाईन. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण आमचे हे पण तुमचा पेपर वाचतात.

तिने जे समजावलं ते पाच मिनिटांचं होतं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यांना तहान कमी, पाणी मिळायचं ते उंदरा-पाखरातूनच. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात पाऊणएक. त्यात बोक्याची लघवीची नळी अरुंद, बारीक खडे नाहीतर चिकट बुळबुळीत काहीतरी अडकलं की बूच बसलं. मांजरींचं सहसा असं होत नाही, बोक्यांचं होतं. तेव्हापासून आमच्याकडे घरभर चार ठिकाणी पाण्याची भांडी, ट्रेपासून लांब, रुंद तोंडाची, कारण मिशा कडेला लागलेल्या महाराजांना चालत नाहीत. उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट, मीठ-कांदा-लसूण काही नाही, कांदा-लसूण तर त्यांना विषच. आणि एवढं करून तो पितो कुठलं तर बाथरूममधल्या बादलीतलं, तेही नुकती भरलेली असली तरच.

राहिलं ते दुधाचं. बशीभर दुधाचा फोटो छापलाय, खाली "शाकाहारी घरातही मांजर मजेत राहतं". मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि ते तुमचा छायाचित्रकार पुसायला येत नाही. दूधपोळीवर मांजर जगतं असं माझी आजीपण म्हणायची, पण तिची मांजर रात्री माळ्यावर काय खात होती ते आजीला कुठे माहीत होतं! मांसातलं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मिळालं नाही तर मांजराचे डोळे जातात, हृदय खराब होतं. ज्यांना घरात मांस आणायचं नसेल त्यांनी ससा पाळावा, माझी काही हरकत नाही.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी, त्याच पानावर, त्या बो बांधलेल्या मांजराच्या फोटोएवढ्या अक्षरात छापा: बोका ट्रेमध्ये सारखा बसतोय आणि रेती कोरडी आहे, तर त्याच तासाला डॉक्टरकडे. रात्र असली तरी. एरंडेल नको. माझं पत्र नाही छापलंत तरी चालेल, मागच्या वेळी छापलंत तेव्हा निम्मं कापून खाली "श्री." लावलं होतं.

आपली,
एक जुनी वाचक (श्रीमती),
डोंबिवली पूर्व

ता.क. पुरवणी गुळगुळीत कागदावर छापायला लागल्यापासून ट्रेखाली घालायला अगदी निरुपयोगी झालीये, ओल शोषतच नाही. मुख्य अंक अजून ठीक आहे.