गोळी वाढली, काळजी नको

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस सा. न.

बाबांनी विचारलंय, डॉक्टरीणबाईंनी न तपासता नुसत्या व्हिडिओवर गोळी वाढवली का, आणि हा हलगर्जीपणा नाही का? त्याचं उत्तर आधी देते. हो, डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओवरच थायरॉइडची गोळी ७५ ची ८८ मायक्रोग्रॅम केली, आणि नाही, यात हलगर्जीपणा काही नाही. डोस ठरतो मुख्यतः टीएसएचवरून, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकावरून. माझा आला ६.८, हवा साधारण ०.४ ते ४. रक्त लॅबमध्ये जाऊनच दिलं. वजन, नाडी, बीपी घरी मोजून आधीच कळवलं. गळ्याला गाठ लागली असती तर त्यांनी समोरच बोलावलं असतं.

शिवाय आधी उलटतपासणी झाली. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर ना? पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही ना? कॅल्शियम, लोह चार तास लांब? केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेता का? (त्याने रिपोर्टच फसतो, तपासणीआधी निदान दोन दिवस बंद.) यात गडबड असेल तर आधी ती सुधारायची, कारण नंतर गोळी नीट शोषली जाऊ लागली की वाढवलेला डोस डोईजड होतो. तूही सकाळी थायरॉइड आणि कॅल्शियम एकदम गिळतेस, ते बंद कर. कॅल्शियम रात्री जेवणानंतर घे.

इथली एक तऱ्हा मात्र अजब. कॉल लागला की पहिला प्रश्न, "आत्ता कुठे बसला आहात?" राहता कुठे ते नव्हे, या क्षणी कुठे! डॉक्टरचा परवाना राज्याराज्याचा, आणि पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथला लागतो. या बाई न्यू जर्सीच्या. माझं ऑफिस नदीपलीकडे न्यूयॉर्कात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिथून बोलता येत नाही. डहाणूहून बोललं तर चालेल, वापीहून नाही, असं समज. बोलताना कुणी कोसळलंच तर रुग्णवाहिका कुठे धाडायची, तेही त्यातून कळतं.

पुढचं रक्त सहा ते आठ आठवड्यांनी. गोळीचा अंमल रक्तात स्थिरावायलाच काही आठवडे जातात, टीएसएच त्याहून सावकाश. घाईने तपासून डोस पुन्हा वाढवला की धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. मला तसलं काही होत नाहीये. तिकडच्या गोळ्यांच्या पट्ट्या पाठवू नकोस, गोळीची कंपनी सारखी बदलायची नाहीये.

हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे बाबांच्या खात्यात टाकलेत. दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही गं, रजा लग्नासाठी राखलीय. पाहुण्यांना तब्येतीचं कारण सांगू नका, खरंच रजेचंच आहे. शालूचे फोटो मात्र दुकानातूनच पाठव. आणि नाशिकच्या स्थळाला थायरॉइडचं आधीच सांगून टाका. गोळी बहुधा जन्मभर चालणार, लपवायचं कुठवर?

तुझी,
मनू