साल्टाहून, बसच्या वाटेने

साल्टा, अर्जेंटिना
जुलै

प्रिय मुग्धा,

तुझा मेसेज वाचून हसू आलं. "लिमाहून ला पासला विमान जातं ना? मग एकटीने बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस कसली?" याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

पहिलं कारण निव्वळ शरीराचं. बोलिव्हियातल्या ला पासचा विमानतळ एल आल्तो या शेजारच्या शहरात, चार हजार मीटरच्याही वर. आपण दोघी धापा टाकत चढलो ते कळसूबाई १६४६! विमानाने थेट तिथे उतरलेले दोघं-तिघं हॉस्टेलवर डोकं धरून पडलेले पाहिले. मी पेरूतल्या लिमाच्या समुद्रकाठाहून निघाले, अरेकिपाला (२३३५ मीटर) थांबले, मग तितिकाका तळ्याकाठच्या पुनोला, ३८०० च्या आसपास. पुनोत पहिल्या रात्री डोकं ठणकलं खरं, पण कोकाच्या पानांचा चहा आणि झोप एवढ्यावर भागलं.

आणि बसमधली माणसं! लिमात बस सुटायच्या आधी एक जण कॅमेरा घेऊन चढला आणि ओळीने प्रत्येकाच्या तोंडाचं चित्रण करत गेला. वाटमारी झालीच तर गाडीत कोण कोण होतं ते कळावं, हा हेतू. माझ्या शेजारच्या आजींनी कॅमेरा जवळ येताच घाईघाईने केस सारखे केले. ती बस ऐसपैस होती, पाठ बरीच मागे जाणारी खुर्ची, पांघरूण, जेवण. बोलिव्हियात शिरलं की हा थाट संपतो. तिकीट देताना "शौचालय आहे" म्हणतात. असतं, पण कुलूपबंद.

सीमेनंतर तितिकाकातल्याच तिकिनाच्या सामुद्रधुनीत गंमत झाली. तिथे पूल नाही. आपण उतरून लहान होडीने पलीकडे जायचं आणि बस लाकडी तराफ्यावर चढून डुलत डुलत मागून येते. आपली सगळी बॅग त्या बसच्या पोटात, त्यामुळे पाण्याकडे पाहवत नाही! काठावर बोलिव्हियाच्या आरमाराचा तळ आहे. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने यांचा अख्खा समुद्रकिनारा घेतला, तरी यांनी पुढे आरमार उभारलंच. तळ्यात का होईना, ठेवलंय.

ला पासबद्दल तू फोटो पाहिलेसच. २०१४ पासून तिथे शहर वाहतुकीत रोपवेही आहे. ऑफिसला जाणारी माणसं आकाशातून पेंगत जातात. मला मात्र शहरापेक्षा बसस्थानक जास्त आवडलं. प्रत्येक खिडकीतून गावाच्या नावाची आरोळी, शेवटचा स्वर लांबवून: "ओरुरो, ओरुरोऽऽ!" तिकिटाखेरीज स्थानक वापरण्याची वेगळी पावती घ्यावी लागते. ती तपासायला गाडीत माणूस चढतो, आणि ज्याच्याकडे नसेल त्याची धावपळ सगळी बस मजेत बघते.

ओरुरोच्या वाटेवर रास्ता रोको लागला. इकडे ही नित्याची बाब. रस्त्यावर दगड, पुढे ट्रकांची रांग, कोणी वैतागलेलं दिसेना. शेजारच्या बाईंनी पाठीवरचं रंगीत आग्वायो (ओझं बांधायचं कापड) सोडून रस्त्याकडेला पसरलं आणि मला खुणेने बसवलं. आत चीज आणि काळे, सुरकुतलेले, सुपारीपेक्षा जरा मोठे गोळे. चुन्यो! म्हणजे बटाटाच. या दिवसांत इथे रात्री कडाक्याची थंडी पडते. बटाटे उघड्यावर गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. चव मातकट, नुसता खाल्ला तर घशाखाली उतरेना, चीजबरोबर बरा लागला. उपासाला चालेल का, काकूंना विचार. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं मुळात याच खंडाच्या आसपासचं. आषाढीला तू खिचडी केलीस तेव्हा अर्धं ताट इकडचंच होतं, बाई!

शेवटी आम्ही सामान उचलून दगडांमधून पलीकडे चालत गेलो. तिकडेही बस अडकलेल्या होत्याच. त्या उलट्या फिरल्या आणि आम्हाला घेऊन निघाल्या. पहिल्या कंपनीने पैसे परत दिले नाहीत. भांडण्याइतकं स्पॅनिश माझ्याकडे नाही.

उयुनीचं मिठाचं मैदान फोटोंत सगळ्यांनीच पाहिलंय, त्यावर नाही लिहीत. व्हियाझोनला सीमा पायी ओलांडली, पूल पार केला की अर्जेंटिना. मग उमावाकाच्या रंगीत डोंगरांमधून उतार उतार आणि साल्टा. इथे जिना चढून दम लागत नाही याचंच अप्रूप वाटतंय.

एकटी असण्याचं विचारलंस. रात्री उशिरा अनोळखी गावात पोचणारी बस मी घेत नाही, पहाटे पोचले तर उजाडेपर्यंत स्थानकातच बसते. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, वरच्या रॅकवर काही नाही. एवढं पाळते.

पुढे मेंदोसा, तिथून आकोंकाग्वा शिखराशेजारच्या घाटाने सांतियागो. चिलीच्या सीमेवर फळांवरून जबर दंड करतात, त्यामुळे पिशवीतली संत्री त्याआधी संपवायचीत.

तू खरंच येणार असशील तर मे ते ऑक्टोबरमध्ये ये, डोंगरात पाऊस फारसा नसतो. आणि तिकीट लिमाचं काढ, ला पासचं नको.

तुझी,
अनू