गोलातला आर पुसायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव कुठेही घालणार नाही. "नाव छापलंस तर दारात रांग लागेल, आणि मला दुपारी झोपायचं असतं," असं तुम्ही बजावून ठेवलंय. पण आभार मानायचे नाहीत असं काही बजावलं नव्हतंत, तेव्हा ती पळवाट मी घेतेय.

२०२२ चा ऑगस्ट. डोंबिवलीत फडके रोडच्या आतल्या गल्लीत माझं घडीच्या मखरांचं टेबल होतं. तुम्ही आलात, पुठ्ठा बोटाने दाबून पाहिलात, खाचा नीट बसतात का ते तपासलंत आणि पन्नास रुपये कमी करा म्हणालात. मी नाही म्हटलं. मग तुम्ही खोका उलटा केलात आणि माझ्या नावापुढे छापलेल्या छोट्याशा खुणेवर नख ठेवून विचारलंत, "ताई, हा गोलातला आर कुणी लावायला सांगितला?"

डिझाइन करणाऱ्या मुलाने लावला होता. मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांवर असतो, म्हणून. छान दिसतो, म्हणून. मला वाटलं होतं, तो एक प्रकारचा शिक्का आहे, 'माल चांगला' असं सांगणारा. नावाची ट्रेडमार्क म्हणून सरकारदरबारी नोंदणी झालेली नसताना ती खूण लावणं कायद्याला चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही खिशातून काळं मार्कर काढलंत (कोण माणूस खिशात मार्कर घेऊन फिरतो, काका?) आणि मी त्या रात्री दोनशे खोक्यांवरचे दोनशे आर पुसत बसले. "टीएम, म्हणजे ट्रेडमार्क, एवढंच लिही, त्याला कुणाची परवानगी लागत नाही," एवढं सांगून तुम्ही गेलात. पन्नास रुपये न घासता पूर्ण किंमत देऊन गेलात, हेही नमूद करते.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा पत्ता शोधत आले ते एकच मागणं घेऊन: "काका, मला माझ्या मखराचं पेटंट काढायचंय."

तुम्ही हसलात, मला राग आला होता. पण आपल्याकडे सगळ्यालाच पेटंट म्हणतात. नावाचं पेटंट, चालीचं पेटंट, मावशीच्या कटाच्या आमटीचं पेटंट. तुम्ही कोरा कागद घेऊन माझं मखर मधोमध काढलंत आणि त्याला चार बाण जोडलेत. घडीची यंत्रणा खरोखर नवी असेल तर पेटंट, २० वर्षं. मखराचा आकार, दिसणं: डिझाइन, १० वर्षं आणि पुढे ५. खोक्यावरचं नाव: ट्रेडमार्क, दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर कितीही काळ. कमानीवरचं चित्र, फोटो, माहितीपत्रकातला मजकूर: कॉपीराइट, करणाऱ्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं (फोटोचं गणित मात्र तो प्रसिद्ध झाल्यापासून). तो कागद माझ्या पाटीवर अजून टाचलेला आहे, चहाच्या डागासकट.

मग पहिल्या बाणावर तुम्ही काट मारलीत. "ही खाच मिठाईच्या खोक्यालाही असते. आणि नवी असती तरी तू २०१९ पासून उघड विकतेयस. जगाला दाखवून झाल्यावर ते नवं राहत नाही." मी हिरमुसले, तेव्हा तुम्ही हळदीची गोष्ट काढलीत. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्या वेळी तिचे प्रमुख गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतं याचे जुने छापील पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. आजीच्या हातची हळद जिंकली, असं आपण अभिमानाने सांगतो. "पण ज्या नियमाने हळद वाचली, त्याच नियमाने तुझं पेटंट बुडालं," असं तुम्ही म्हणालात आणि वर बिस्किट पुढे केलंत.

दुसरा बाण जास्त लागला. आकाराची नोंदणी लोकांना दाखवण्याआधी करायची असते. मी तीन गणपती उलटल्यावर विचारत होते. शेवटची आशा म्हणून मी म्हटलं, निदान कॉपीराइट तर असेल? तेव्हा तुम्ही १९५७ च्या कायद्यातलं १५ वं कलम उघडलंत. ज्याची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, अशी वस्तू कारखानदारी पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा बनली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. माझी डायवर, म्हणजे साच्यावर, कापलेली मखरं २०२१ मध्येच ३०० च्या वर गेली होती. थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, पुठ्ठ्याला दिवस आले, मी धंद्यात उडी मारली आणि कुठल्या तरी दुपारी एक्कावन्नावं मखर कापून स्वतःच्याच हक्कावर सुरी चालवली. त्या दुपारी मी बहुधा गाणी ऐकत होते.

उरलं नाव. तिथे मात्र तुमचा चेहरा खुलला.

माझ्या मखराचं नाव म्हणजे मला लहानपणी आजी ज्या नावाने हाक मारायची ते, आणि पुढे 'मखर'. तुम्ही 'मखर' शब्दावर बोट ठेवून म्हणालात, हा कुणाच्याच बापाचा नाही, तो सगळ्यांना लागतो. पण पहिला शब्द? देवनागरीतल्या नावाचा अर्ज करताना त्याचा उच्चार रोमन लिपीत आणि अर्थही द्यावा लागतो. "अर्थ काय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, काहीच नाही, आजीने आपला असाच बनवला होता. तुम्ही खुर्चीतून जवळजवळ उठलात. ज्या शब्दाला अर्थच नाही तो सगळ्यांत पक्का, कारण दुसऱ्या कुणाला तो वापरायची गरजच पडत नाही! माझ्या आजीच्या लाडाचं इतकं कायदेशीर कौतुक कुणी केलं नव्हतं. याउलट मी नव्या छोट्या मखरासाठी योजलेलं 'बाप्पा' तुम्ही एका वाक्यात बाद केलंत. अगरबत्तीवरच्या 'रामायण' या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०१५ साली कोर्टाने सांगितलं, पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्या कुणाची मालकी सांगता येणार नाही. "तिथे रामायणाचं चाललं नाही, तुझ्या बाप्पाचं काय घेऊन बसलीस."

ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे वर्ग पाडलेले असतात; एका ओळखीच्या एजंटने मला पाच वर्गांत अर्ज करायला सांगितलं होतं आणि आगाऊ पैसेही घेतले होते. एकूण वर्ग ४५, तेव्हा पाच म्हणजे काहीच नाही, असा त्याचा हिशेब. तुम्ही म्हणालात, पुठ्ठ्याच्या वस्तू १६ व्या वर्गात येतात, तेवढाच घे. दर वर्गाला वेगळी फी, छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये आणि मोठ्या कंपन्यांना ९,०००. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र माझ्याकडे होतंच, पण त्याचा इथे उपयोग असतो हे त्या एजंटने सांगितलं नव्हतं. त्याचे पैसे गेले ते गेलेच.

आणि मग ती बिलांची पिशवी. तुम्ही म्हणालात, २०१९ पासून हे नाव वापरतेयस हे बोलून चालत नाही, प्रतिज्ञापत्राबरोबर पुरावा लागतो. मी कपड्याच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी तुमच्या टेबलावर रिकामी केली. पुठ्ठेवाल्याची बिलं, टेम्पोच्या पावत्या, मधेच एक लाइट बिल, सोसायटीच्या मेळाव्यातलं माझ्या हातचं बिलबुक, पहिलं पान: तीन मखरं, दोन रोख, एक उधार. अडीच तास तुम्ही एकेक कागद तारखेने लावत होतात, टाचणी तोंडात धरून. काकूंनी दोनदा चहा गरम केला. उधारीचं ते बिल तुम्ही सगळ्यांत वर ठेवलंत. त्यावर नाव होतं, तारीख होती आणि शेजारच्या वहिनींची सहीही. ते पैसे मला अजून मिळालेले नाहीत, पण त्या बिलाचं मोल वसूल झालं.

त्या मुलाचीही गोष्ट लिहायलाच हवी. बोधचिन्ह काढून देणाऱ्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला मी १,५०० रुपये दिले होते आणि विषय संपला असं धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, पैसे दिले म्हणजे चित्र मिळालं, चित्राचा हक्क लेखी सहीशिवाय मिळत नाही. तुम्ही एक पानाचा कागद केलात आणि त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट घातलेत, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. मला वाटलं, आता मुलाला बोलवायचं, सही घ्यायची, झालं. पण तुम्ही त्याला समोर बसवून विचारलंत, "तू काय देतोयस हे तुला कळतंय का? हे उद्या लाख खोक्यांवर छापलं तरी तुला एक पैसा मिळणार नाही." तो गप्प. मीही गप्प, खरं तर खाली बघत. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "आणखी साडेतीन हजार दे." मी दिले. शिवाय चित्र त्याचंच आहे हे सांगण्याचा हक्क विकल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो, म्हणून माहितीपत्रकावर त्याचं नाव घालायला लावलंत. तो मुलगा आता माझी सगळी कामं करतो, आणि दर वेळी आधी कागद पुढे करतो.

त्याच दिवशी तुम्ही खोक्यातलं आरतीचं कार्डही पाहिलंत. 'सुखकर्ता दुःखहर्ता' समर्थ रामदासांची, ती छाप हवी तितकी. पण कार्डावरच्या क्यूआर कोडमागे मी एका गाजलेल्या गायिकेचं ध्वनिमुद्रण जोडलं होतं. शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असले तरी मुद्रणाचा हक्क वेगळा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. घरच्या पूजेत ते वाजवायला कुणाची हरकत नाही, मालाबरोबर वाटायचं तर परवानगी हवी. कोड निघाला. आता तिथे आमच्या सोसायटीतल्या बायकांनी म्हटलेली आरती आहे, थोडी बेसूर, पण त्यांच्या सह्यांसकट.

२०२३ मध्ये तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. एका ऑनलाइन दुकानावर माझंच मखर, माझ्यापेक्षा दीडशे रुपये स्वस्त, नावात एक अक्षर फिरवलेलं. फोटोत मखराशेजारी सासूबाईंची समई, कडेला टवका उडालेली. म्हणजे फोटोसुद्धा माझाच! मी रडत तुमच्याकडे आले आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "फोटो कुणी काढला?" धाकट्या दिरांनी. "मग हक्क त्यांचा." त्या रात्री जेवणाच्या ताटावरून उठवून दिरांकडून मी कागदावर सही घेतली, ते अजून मला 'मॅडम' म्हणून चिडवतात. मूळ फोटोची फाइल, तारीख आणि तो कागद जोडून तक्रार पाठवली आणि ते पान उतरलं. नावाची नोंदणी अजून व्हायची होती, पण आधीपासूनच्या वापराच्या जोरावर तुम्ही लिहिलेल्या दोन परिच्छेदांच्या पत्राने त्याने नावही बदललं. आकार मात्र तो आजही विकतो. तिथे काही करता येणार नाही हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. कोर्टात खेचू म्हणून माझ्याकडून पैसे काढायला दोघं-तिघं तयार होते. मला अडवणारे एकटे तुम्ही होतात.

पुढचं पटपट सांगते, कारण ते कागदांचंच आहे. तपासणीचा अहवाल आला, ३० दिवसांत उत्तर द्यायचं होतं, तुम्ही अठराव्या दिवशी दिलंत. नाव सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं, हरकतीचे ४ महिने गेले, कुणी आलं नाही. फक्त सरकारी वाटावीत अशी, पैसे मागणारी दोन पत्रं आली, ती तुम्ही फाडायला लावलीत. नव्या कमानीच्या मखराचा डिझाइनचा अर्ज या वेळी आधी गेला. आठ दिवस मी कुणालाही फोटो दाखवला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तिने अजून माफ केलेलं नाही.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन आले, तर तुम्ही पेढ्याआधी चष्मा लावून माझ्या नावातल्या वेलांट्या तपासल्यात. फी विचारली तेव्हा म्हणालात, "एक मखर, पूर्ण किमतीत विकत घेतलेलं आहे, त्यातच आलं." मग प्रमाणपत्र परत माझ्या हातात देत सांगितलंत, मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे सप्टेंबर २०३२. "तेव्हा मी असेन-नसेन, आत्ताच लिहून ठेव."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर मी ती लिहिलीय. दर जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की दूधवाल्याचा हिशेब उतरवायच्या आधी ती उतरवते.

तुमची,
मखरवाली

ता. क. यंदाच्या खोक्यावर नावापुढे गोलातला आर छापलाय. छपाईवाल्याला वाटलं चुकून आला, त्याने काढून टाकला होता. पुन्हा लावून घेतला.