आधी पाहू तर द्या

राजकीय विडंबनपट आला की पहिली प्रतिक्रिया देतात ते बहुधा तो न पाहिलेले लोक. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या बाबतीत तर पाहण्याची सोयच ठेवली गेली नाही. १९७५ मध्ये चित्रपट सेन्सॉरकडे गेला, मग आणीबाणी आली आणि त्याच्या प्रती गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या गेल्या. या प्रकरणी १९७९ मध्ये संजय गांधी आणि आणीबाणीतले माहिती व प्रसारणमंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

नाहटांनी तो पुन्हा काढला, १९७८ मध्ये. खरे सांगायचे तर तो काही थोर सिनेमा नाही. विनोद भडक, प्रसंग ताणलेले. मनोहर सिंह यांचा गंगाराम मात्र झकास. आणि शबाना आझमींची मुकी ‘जनता’! सगळे पुढारी तिच्या नावाने गळा काढतात, ती बिचारी बघत राहते. माझ्या मुलाला तो कंटाळवाणा वाटला. वाटो की!

तिकीट काढून आलेल्याला हसायचा, जांभई द्यायचा, मध्यंतरात उठून जायचाही हक्क आहे. पण साहेबांची नक्कल दिसली म्हणून कार्यकर्ते काचा फोडणार आणि मालक मुकाट्याने खेळ उतरवणार, यात प्रेक्षकाला विचारले कोणी? अशा वेळी पोलिसांनी पहिल्या खेळापासून बंदोबस्त द्यावा, थिएटरमालकाला खेळ रद्द करण्याचा ‘सल्ला’ देऊ नये, एवढीच मागणी.

– एक प्रेक्षक, ठाणे