फॅमिली डॉक्टरांच्या चार ओळींच्या चिठ्ठीबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून आमच्या कान-नाक-घसा ओपीडीत येणाऱ्या पेशंटच्या हातात चार ओळींची चिठ्ठी असते. हे जाहीर आभार त्या चिठ्ठीचे.

"कालपासून एका कानानं ऐकूच येईना" म्हणणाऱ्याला सहसा मळाचे थेंब, सर्दीच्या गोळ्या आणि "आठवड्यानं दाखवा" एवढंच मिळतं. आतला कान बिघडला असेल तर नेमका तोच आठवडा मोलाचा असतो. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर 30 डेसिबल किंवा जास्त ऐकणं घटलं, की तो अचानक आलेला नसेचा बहिरेपणा. कान दुखत नाही, वाहत नाही, पडदा स्वच्छ दिसतो. म्हणून तर तो नजरेतून सुटतो.

तुम्ही आधी मळ बघता, असला तर काढता आणि मग 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (आपटला की एकाच स्वरात वाजणारा धातूचा काटा) हातात घेता. तोही टेबलाच्या कडेवर नाही, स्वतःच्या कोपरावर हलकेच आपटता, म्हणजे नको ते जादा स्वर उमटत नाहीत. दांडा कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, आवाज कुठल्या कानात? बंद वाटणाऱ्या कानात मोठा आला तर दोष बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाची शंका. फोर्क कानामागच्या हाडावर टेकवून आणि मग कानासमोर धरून आवाज कुठे मोठा येतो ते विचारायची चाचणीही तुम्ही करता, पण एकट्या तिच्यावर विसंबत नाही. कान पार गेला असेल तर हाडावरचा आवाज पलीकडचा कान ऐकतो आणि पेशंट खुशाल "मागून जास्त येतो" सांगतो. शिकाऊ डॉक्टर इथे हटकून फसतात.

ऑडिओमेट्रीतही, म्हणजे यंत्रावर ऐकणं मोजून आलेख काढताना, हीच फसगत होते. साध्या हेडफोनमधला आवाज साधारण 40 डेसिबलच्या पुढे गेला की कवटीतून पलीकडे पोचू शकतो. हाडावर दिलेला तर जवळजवळ तसाच पोचतो. चांगल्या कानाला गुंतवून ठेवणारा खरखराट (मास्किंग) न सोडता काढलेला आलेख पूर्ण बहिऱ्या कानालाही बऱ्यापैकी ऐकू येतं असं दाखवतो. तुमच्या चिठ्ठीत फोर्कचा निकाल असला की आलेख त्याच्याशी जुळत नाही हे लगेच कळतं आणि तपासणी पुन्हा होते.

चिठ्ठीतली पहिली ओळ कान कधी बंद झाला त्या तारखेची. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करायचं असतं, दर किलोला 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, दिवसाला जास्तीत जास्त 60. त्याचा पुरावा हवा तितका भक्कम नाही आणि काही कान आपोआपही सुधारतात. पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून वाट बघत बसणं आम्हाला पटत नाही. दुसरी ओळ साखरेची. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती आणखी चढते, म्हणून ती फार वाढलेली असेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुईनं पडद्यातून मधल्या कानात देता येतं. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यानही हाच मार्ग. औषध अर्धा-पाऊण मिलीलिटर, अंगाइतकं कोमट. गार असलं तर पेशंट टेबलावरच गरगरतो. मग तो कान वर करून अर्धा तास पडून राहायचं आणि शक्यतो गिळायचं नाही. गिळताना घशाकडची नळी उघडते आणि औषध पोटात जातं.

तिसरी ओळ चक्करची. वीस मिनिटं ते बारा तास टिकणारे, पुन्हा पुन्हा येणारे झटके, कान भरल्यासारखा वाटणं, खालच्या पट्टीचं ऐकणं कमी-जास्त होणं, हे मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराकडे बोट दाखवतं. पण दोन-दोन दिसणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर तुम्ही आमच्याकडे न पाठवता सरळ स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलात धाडता. हा निवाडा दवाखान्यातच होतो हे बरंच.

चौथी ओळ चालू औषधांची. जेंटामायसिन किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर ती कानाला बाधू शकतात आणि वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं; बोलणं समजतंय तोवर घरच्यांना पत्ताही लागत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आम्ही तुमचे ऋणी आहोत. कान सुधारला की पेशंट "आता एमआरआय कशाला?" म्हणून आमचं ऐकत नाही. श्रवणाच्या नसेवरची गाठ सुरुवातीला अशीच येऊन सुधारलेली दिसू शकते. तुम्ही सांगितलं की तो मुकाट करून येतो. सहा महिन्यांच्या ऑडिओमेट्रीलाही त्याला असंच धाडत राहावं, ही विनंती.

आपले,
कान-नाक-घसा विभागातले सहकारी