आधी गाय, मग गाईचं चित्र

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. भाची अडीच वर्षांची, अजिबात दिसत नाही, शाळेत घालेपर्यंत तिला काय शिकवायचं, असं तू विचारतेस. अगं, तिचं शिकणं कधीच सुरू झालंय. आपण तिच्या हाताशी वस्तू आणून द्यायच्या.

उठावाची चित्रं मात्र एवढ्यात आणू नकोस. ती चूक मी केली आहे. आमच्या बालवाडीतल्या चार वर्षांच्या एका मुलीसाठी पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून मी गाय केली. दोन रात्री त्यात गेल्या. तिनं लोकरीवरून बोट फिरवलं, फिरून पहिल्या जागी आली आणि म्हणाली, "बाई, ही दोरी कुणाची?" बरोबरच होतं तिचं. भोवतालची रेघ म्हणजे गाय, हे डोळसांनी ठरवलेलं. बोटांना ते कुठून कळणार?

मग तिला शेजारच्या गोठ्यात नेलं. आधी गळ्याखालची मऊ, लोंबती पोळी हाताला लागली, मग वशिंड, मग ओल्या नाकपुड्या. गाईनं खरखरीत जिभेनं मनगट चाटलं तेव्हा पोरगी दचकली आणि लगेच दुसरा हात पुढे केला! शेपटीचा गोंडा तर सोडेचना. घरी आल्यावर लोकरीचं पान मी काढून टाकलं. नव्या पानावर काथ्याची वेणी आणि टोकाला मोकळा झुबका, एवढंच. हात लागताच ती ओरडली, "गाय!"

डोळ्यांना वस्तू एकदम दिसते. हाताला तुकड्यातुकड्यानं मिळते आणि मनात जोडावी लागते. म्हणून आधी खरी वस्तू, नंतर तिचा एखादा खरा भाग. रेघांची चित्रं फार पुढे. आणि भाचीचा हात धरून कशावरही दाबू नका. आपला हात खाली, तिचा वर. नको वाटलं तर तिला काढून घेता आला पाहिजे.

स्वतः अंध असलेला लुई ब्रेल शिकला त्या पॅरिसच्या शाळेत छापील अक्षरंच कागदावर उठवून मुलांना देत. ती एकेक चाचपत वाचायला फार वेळ लागे. त्यानं १८२४ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी, सहा उठावाच्या टिंबांची लिपी तयार केली, तीच ब्रेल. तिचं एक अक्षर बोटाच्या टोकाखाली मावतं. बोटांचा विचार करून घडवलेली लिपी ती!

भाचीला अक्षरांची घाई नको. अंड्यांच्या ट्रेचे सहा खळगे कापून घे, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा, आणि लिंबं ठेवायला-काढायला दे. वर डावीकडच्या खळग्यातलं लिंबू म्हणजे अ. त्याच रांगेत सर्वांत खालीही एक ठेवलं की क. हे तिला पुढे कळेल. सध्या कणीक मळू दे, डब्यांची झाकणं फिरवू दे, रवा आणि मेथीदाणे चिमटीत ओळखू दे. ब्रेलची टिंबं कागदावर टोचायला बोटांत जोर लागतो, तो असाच येतो.

तिला उजेड जाणवतो का, हे डॉक्टरांना नीट विचारून घे.

दिवाळीत येतेच आहे. तिचं पहिलं पुस्तक आपण दोघी शिवू. तिच्या रोजच्या पाच वस्तू कळव. आणि तिच्या आजीला सांग, जुन्या नऊवारीचा काठ टाकू नका. आजीचं पान त्याचंच करायचंय.

तुझीच,
बालमैत्रीण